भाडेपावती ते मालकीहक्क : बी.डी.डी. चाळींच्या इतिहासाचा एक धडा

मुंबईच्या गिरणगावाविषयी अलीकडे जे लिहिले जाते त्यात एक शब्द वारंवार भेटतो : पुनरुज्जीवन. परळ, लालबाग, वरळी, नायगाव या जुन्या वस्त्या आता पुन्हा जिवंत होत आहेत, त्यांना ऐतिहासिक वारसा आहे, आणि म्हणून तेथे घर घेणे हे शहाणपणाचे आहे, असे जाहिराती सांगतात. जो मेलेला असतो त्यालाच पुन्हा जिवंत करावे लागते. तेव्हा पहिला प्रश्न असा की या वस्त्या मेल्या होत्या केव्हा? तेथे माणसे राहत होती, कामावर जात होती, मुले शिकवत होती, सभा भरवत होती, मार खात होती आणि पुन्हा उभी राहत होती. जाहिरातदाराला ही माणसे जिवंत वाटत नसतील तर तो दोष त्याच्या दृष्टीचा आहे.

मी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत जन्मलो आणि वाढलो. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले आणि एका गिरणीच्या रिंग खात्यात लागले. वडील त्याच खात्यातून निवृत्त झाले. मी माध्यमिक शाळेत शिक्षक झालो आणि घर विकत घ्यायला निघालो तेव्हा मला वरळी सोडावी लागली. तीन पिढ्यांचा हा प्रवास माझ्या एकट्याचा असता तर तो लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तो आपल्या हजारो कुटुंबांचा आहे, आणि आज त्या चाळींच्या जागी चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहत असताना त्याची उजळणी करणे अगत्याचे झाले आहे. शहरातील जमिनीला किंमत कोण आणतो आणि ती किंमत आली म्हणजे तेथून कोण जातो, हा या इतिहासाचा गाभा आहे.

१.

मुंबईत 'सुधारणे'ची पहिली मोठी लाट प्लेगमागोमाग आली. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला. रोगाचे कारण गलिच्छ वस्तीत आहे असे ठरले आणि १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्यासारख्या भागांत मोकळ्या हवेच्या नव्या वसाहती आखल्या. पण पाडलेल्या घरांतील गरिबांसाठी त्या मानाने फारच थोड्या खोल्या बांधल्या गेल्या. ज्यांच्या आरोग्याच्या नावाने घरे पाडली तीच माणसे शेजारच्या आणखी दाट वस्तीत कोंबली गेली. सुधारणा जमिनीची झाली, माणसे जेथल्या तेथे राहिली.

तरीही या ट्रस्टच्या चाळींना आपल्या इतिहासात एक स्थान आहे. परळच्या अशाच एका चाळीत, समोरासमोरच्या दोन खोल्यांत, बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांच्या आसपास राहिले. महाडचा सत्याग्रह झाला, 'बहिष्कृत भारत' निघाले, गोलमेज परिषदेची तयारी झाली, तेव्हा बाबासाहेबांचा पत्ता कामगारांच्या चाळीचा होता. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले आणि तेथे आपला ग्रंथसंग्रह हलवला. या घटनेकडे आपण बहुधा श्रद्धेने पाहतो, विचाराने कमी पाहतो. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या याच माणसाला राहायला जागा मिळाली नव्हती. ज्या पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून उतरले होते तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परदेशी विद्यापीठाची पदवी खिशात होती, पण डोक्यावर छप्पर नव्हते. त्या माणसाने पुढे स्वतःच्या मालकीचे, ग्रंथांना केंद्रस्थानी ठेवणारे घर बांधावे, याचा अर्थ केवळ सुखवस्तूपणा असा लावता येत नाही. येथून मला कोणी उठवू शकणार नाही, असे म्हणता येण्याची ती जागा होती.

आपल्या दृष्टीने घराचा प्रश्न असा आहे. गावात आपले घर गावकुसाबाहेर होते आणि पत्ता होता महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. पत्ता म्हणजेच जात. मुंबईच्या चाळीने प्रथमच आपल्याला एक आकडा दिला : चाळ क्रमांक अमुक, खोली क्रमांक अमुक. पोस्टमनला जात न सांगता पत्र पोहोचू लागले. ही गोष्ट लहान नाही.

२.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरण्या भरभराटीला आल्या होत्या आणि कामगार फुटपाथवर निजत होते. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारने विकास खाते उघडले. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून ते 'बी.डी.डी.' झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या : वरळीत १२१ चाळी, नायगावात ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीला १२. याच खात्याच्या बॅकबे भरावाच्या योजनेतील उधळपट्टीवर के. एफ. नरिमन यांनी कोरडे ओढले, ती कथा प्रसिद्ध आहे. समुद्र बुजवून श्रीमंतांसाठी जमीन करणे आणि कामगारांसाठी कोंडवाडे बांधणे ही दोन्ही कामे एकाच खात्याच्या हातून व्हावीत, यात विसंगती नव्हती. दोहोंमागे एकच हिशेब होता.

कोंडवाडे हा शब्द मी रागाने वापरीत नाही. एकेक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा बोळ आणि दोन्ही अंगांना दारे. खोली एकशे साठ चौरस फुटांची, कोपऱ्यात मोरी, संडास सामाईक. भिंती सिमेंट-काँक्रीटच्या, इतक्या कठीण की देवाची वा बाबासाहेबांची तसबीर लावायला खिळा ठोकावा तर खिळाच वाकायचा. खिडकीच्या जागी मूळ बांधणीत काँक्रीटच्या तिरप्या पट्ट्या होत्या. उन्हाळ्यात भिंती तापत आणि रात्री त्या उष्णता परत देत. कामगारांनी या खोल्या सहजासहजी स्वीकारल्या नाहीत. गिरण्यांपासून दूर, भाडे परवडत नाही, हवा नाही, अशा तक्रारी होत्या. वरळीच्या चाळी तर कित्येक वर्षे बहुतांशी ओस होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले तेव्हा सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. जी इमारत कामगाराचे घर म्हणून बांधली ती फारसा फेरबदल न करता तुरुंग म्हणून चालली, यापेक्षा तिच्या रचनेवर वेगळा शेरा मारण्याची गरज नाही.

मग या चाळी वसवल्या कोणी? ज्यांना दुसरीकडे जागा मिळत नव्हती त्यांनी. खाजगी चाळींचे मालक आपल्या माणसाला खोली देत नसत आणि दिली तर वेगळ्या चाळीत देत. सरकार हा घरमालक निदान जात विचारून दार लावीत नव्हता. कोकणातून, घाटावरून आलेले आपले लोक येथे आले. गिरणीतही त्यांची जागा ठरलेली होती. विणकाम खात्यात पगार अधिक, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून त्या खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला, तो कामगार ऐक्याच्या घोषणा देणाऱ्यांना अडचणीचा वाटला. म्हणजे कमी पगाराचे खाते आणि इतरांनी नाकारलेली खोली, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या होत्या. ओस चाळींत संसार मांडून त्याने वस्ती उभी केली. तिला जर कोणी 'ऐतिहासिक' म्हणत असेल तर हा इतिहास कोणाचा, हेही त्याने सांगितले पाहिजे.

३.

एका खोलीत आम्ही नऊ माणसे होतो. गावाहून शिकायला वा नोकरीला आलेला मुलगा दहावा. पुरुषमाणसे बोळात आणि गच्चीवर निजत. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला म्हणजे दिवसपाळीच्याचे अंथरूण त्याला गरम मिळे. अशा खोलीत अभ्यास कसा होत असेल असे मला विद्यार्थी विचारतात. तो जिन्यावरच्या दिव्याखाली होत असे, आणि एकाने पाठांतर सुरू केले की चौघे आपोआप बसत. आमच्या चाळीत जयंतीची वर्गणी, बुद्धविहाराचे काम, गावमंडळाची पेटी, वाचनालयातील वर्तमानपत्र, कव्वाली आणि गायनपार्टीची तालीम हे सारे त्या बोळातच चालत असे. चाळीच्या या एकत्रपणावर आज गोड गोड लिहिले जाते. ते लिहिणारे सामाईक संडासाच्या रांगेत पहाटे चारला उभ्या राहणाऱ्या बायांविषयी लिहीत नाहीत. माझ्या आईला चाळीविषयी विचारले असते तर तिने आधी पाणी आणि संडास यांविषयी सांगितले असते, शेजारधर्म त्यानंतर.

शिवाय हा एकत्रपणा जातीपाशी येऊन थांबत असे. वरळीत आपल्या लोकांच्या चाळी आणि सवर्णांच्या चाळी साधारणपणे वेगळ्या ओळखू येत. मैदानेही तशीच : एक जांबोरी मैदान, एक आंबेडकर मैदान. ५ जानेवारी १९७४ रोजी आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा झाली. मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक होती. सभेवर दगड आले, मग पोलिसांच्या लाठ्या आल्या आणि वरळी पेटली. त्या महिन्यात रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीबारात गेले आणि १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव यांच्या डोक्यात वरून दगड टाकून त्यांना ठार केले गेले. दंगल एप्रिलपर्यंत थांबत-पेटत राहिली. पुढे न्या. भस्मे चौकशी आयोग नेमला गेला.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मला आठवते ती खोल्यांची अदलाबदल. त्यांच्या चाळीत राहणारी आमची दोन-चार कुटुंबे आणि आमच्या चाळीतली त्यांची दोन-चार, यांनी रातोरात भांडीकुंडी उचलली. वीस-पंचवीस वर्षांचा शेजार एका रात्रीत जातीप्रमाणे विभागला गेला. एकाच गिरणीचे, एकाच युनियनचे सभासद असलेले हे लोक होते. वर्गाची एकजूट खोलीच्या दारापाशी संपते, हा धडा मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या रात्रीने शिकवला. तरी हेही नमूद केले पाहिजे की आम्ही वरळी सोडली नाही. सोडून जायचे कोठे? आणि एकदा रक्त सांडलेली जागा सोडली तर ती कायमची गेली, ही जाणीव आमच्या वडीलधाऱ्यांना होती. भाडेपावतीचा तो कागद त्यांनी ट्रंकेत, बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे जपून ठेवला होता.

४.

मालकीचे घर घेण्याचा विचार आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाला. २००२ साली मी आणि माझी पत्नी, ती परिचारिका होती, कर्ज काढून परळच्या एका जुन्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर घ्यायला निघालो. विक्रेता तयार, बँक तयार, दलालाने हात मिळवला. मग सोसायटीच्या चालकांनी चहाला बोलावले. आडनाव विचारले. आडनावावरून उलगडा होईना तेव्हा गाव विचारले. गावावरूनही होईना तेव्हा विचारले, घरात कोणते सण होतात? मी सांगितले, बुद्धपौर्णिमा आणि चौदा एप्रिल. चहा संपला. आठ दिवसांनी विक्रेत्याचा निरोप आला की त्याच्या पुतण्यालाच जागा हवी आहे. नकार कोणीही तोंडाने दिला नाही. कायद्याच्या कक्षेत येईल असा एक शब्दही उच्चारला गेला नाही. आम्ही कल्याणच्या पलीकडे घर घेतले आणि पुढची अनेक वर्षे पत्नीचे रोज चार तास लोकलमध्ये गेले. हा जातीचा कर आहे. तो पैशात नव्हे, तासांत भरावा लागतो आणि त्याची पावती मिळत नाही.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतील नायकाला निवाऱ्यासाठी जात लपवावी लागते. बडोद्यातील बाबासाहेब, बागुलांचा नायक आणि सोसायटीचा चहा पिणारा मी, यांच्यात काळाचे अंतर पुष्कळ आहे, पण दार तेच आहे. फरक इतकाच की आता काठ्या दिसत नाहीत. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यातही नावावरून दलित आणि मुसलमान भाडेकरूंना दारे बंद होतात हे दिसून आले. आणि कायद्याची मदत कोठवर मिळते? सहकारी गृहनिर्माण संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम केला तर तो चालू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात दिला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य हा त्याचा आधार. अल्पसंख्य समाजाने आपली वसाहत राखणे आणि बहुसंख्य सवर्णांनी इतरांना दूर ठेवणे यांत फरक आहे. पण एकदा दार बंद करण्याचा हक्क मान्य झाला की तो हक्क सर्वात आधी कोणाविरुद्ध वापरला जाईल, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्यांच्या देशाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे काढले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोकादायक' म्हणून रंगवल्या. त्या वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळेना, दुरुस्ती होईना, आणि मग त्या मोडकळीला आल्या म्हणून दोष तेथे राहणाऱ्यांवर. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात घरांच्या विक्री-भाड्यातील वंशभेदाला बंदी करणारा कायदा तेथे झाला. पुढे हार्लेमसारख्या वस्त्यांत पैसा आला, जुन्या घरांना भाव आला, आणि जे त्या वस्तीच्या वाईट दिवसांत टिकून राहिले होते त्यांना तिचे चांगले दिवस परवडेनासे झाले. भेदभावाने जागा स्वस्त झाली, आणि स्वस्त झाली म्हणून ती भांडवलाला हवीशी वाटली. आपल्याकडे तर घरविक्रीतील जातीय नकाराला सरळ हात घालणारा तसा स्वतंत्र कायदाही नाही.

५.

गिरणगावाला भाव कसा आला? १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही, पण कामगार मोडला. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीविषयी नियम आला : एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ साली त्यात असा फेरफार झाला की ही वाटणी संपूर्ण जमिनीची न होता फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची व्हावी. वाट्याला येणारी जमीन त्यामुळे तुकड्यांवर आली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फेरफार ग्राह्य मानला. जेथे भोंगा वाजत होता तेथे मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शेजारच्या चाळींची जमीन एकाएकी सोन्याची झाली.

या जमिनीतील एक तुकडा आपल्या चळवळीने मागून, भांडून मिळवला. दादरच्या चैत्यभूमीजवळील इंदू मिलच्या आवारात ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते शिरले, आणि २०१५ साली तेथे बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. स्मृतीसाठी जमीन मागणे हा हक्क आहे. परंतु स्मारकासाठी आपण जितक्या निकराने उभे राहिलो तितक्या निकराने जिवंत माणसांच्या घरांसाठी उभे राहिलो काय? गिरणीच्या जमिनीवरील घरांचा लढा गिरणी कामगारांच्या संघटनांनी लढवला, त्यात आपली माणसे होती, पण आपल्या पक्षांच्या आणि गटांच्या कार्यक्रमपत्रिकेवर घर हा विषय शेवटून दुसरा राहिला. पुतळा, नामांतर, आरक्षण यांवर रस्त्यावर येणारा समाज भाडेपावतीच्या प्रश्नावर एकेकटा म्हाडाच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहिला.

६.

एप्रिल २०१७ मध्ये बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले, वरळीत ऑगस्ट २०२१ मध्ये ते पुन्हा झाले. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने या योजनेत आल्या नाहीत. उरलेल्या तीन ठिकाणच्या १९५ चाळींतील १५ हजार ५९३ भाडेकरूंना पाचशे चौरस फुटांची सदनिका विनामूल्य आणि मालकीहक्काने द्यायची, आणि त्याच जमिनीवर बाजारभावाने विकायच्या इमारती बांधून खर्च वसूल करायचा, असे योजनेचे स्वरूप आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या देण्यात आल्या. माझा धाकटा भाऊ अजून आपल्या पाळीची वाट पाहत आहे.

या योजनेचा मी विरोधक नाही. एकशे साठ फुटांतून पाचशे फुटांत जाणे, घरात स्वतःचा संडास असणे, मुलीला दार लावून अभ्यास करता येणे, याला 'चाळसंस्कृतीचा अंत' म्हणून रडणारे लोक चाळीत राहिलेले नाहीत. ही भिक्षाही नव्हे. ओस काँक्रीटच्या खोल्यांत शंभर वर्षे राहून ज्यांनी त्या जमिनीला वस्तीचे मोल दिले, त्यांना त्या मोलाचा अंश परत मिळत आहे. खाजगी विकासकाच्या हवाली न करता सरकारी मंडळामार्फत ही घरे होत आहेत, हेही रहिवाशांच्या वर्षानुवर्षांच्या आग्रहाचे फळ आहे. नायगावच्या रहिवाशांनी करार हाती आल्याशिवाय पाहणीला नकार दिला तेव्हा त्यांना अडाणी, विकासविरोधी म्हटले गेले. कागद आधी, घर मागून, ही त्यांची मागणी होती. आपल्या लोकांनी कागदाचे महत्त्व वतनापासून शिकलेले आहे.

मात्र चावी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे मानणे घातक ठरेल. पहिली गोष्ट, मालकी ज्या कागदावरून ठरते तो कागद कोणाच्या नावाचा आहे? भाडेपावत्या आजोबांच्या, वडिलांच्या नावे आहेत. आई, विधवा सून, नवऱ्याने टाकून माहेरी आलेली बहीण यांची नावे कोठेच नाहीत. पन्नास वर्षे त्या मोरीशी भांडी घासणारी बाई कागदावर 'कुटुंबातील इतर' असते. दुसरी गोष्ट, जे पोटभाडेकरू म्हणून, गावमंडळाच्या खोलीत पथारी टाकून राहिले, त्यांचा या हिशेबात उल्लेख नाही. सर्वात गरीब तेच आहेत. तिसरी गोष्ट, देखभालीचा खर्च. उद्वाहन, पंप, सुरक्षारक्षक, रंगरंगोटी हे चाळीस मजल्यांच्या इमारतीत चैनीचे विषय नाहीत. उद्वाहन बंद पडले तर तिसाव्या मजल्यावरची म्हातारी कैदी होते. आरंभीची काही वर्षे हा भार मंडळाकडे असला तरी पुढे तो सोसायटीवर येणार. ज्याची नोकरी कंत्राटी आहे तो महिन्याचे हप्ते किती दिवस भरील? आणि भरता आले नाहीत म्हणजे दाराशी दलाल उभा असेलच. कोट्यवधीची रक्कम ऐकून मुलगा म्हणेल, विकूया. त्याला दोष देता येणार नाही. पण अशा रीतीने एकेक घर गेले की पंचवीस वर्षांनी वरळीत आपले काय उरेल?

चौथी गोष्ट शेजाराची. पुनर्वसनाच्या इमारती वेगळ्या, विक्रीच्या वेगळ्या. एकाच आवारात दोन जगे राहणार. जे घर मला परळमध्ये मिळाले नाही तसे घर घेणारा माणूस माझ्या भावाचा शेजारी होईल, आणि मधल्या भिंतीचे नाव कोणी जात असे ठेवणार नाही, 'सुरक्षा' असे ठेवील. पाचवी गोष्ट नावाची. २०२२ साली तिन्ही ठिकाणच्या चाळींना नवी नावे जाहीर झाली, तिन्ही मोठ्या राजकीय नेत्यांची. त्यांत देवरुखकर नाहीत, भागवत जाधव नाहीत, गिरणीत झिजलेला कोणी कामगार नाही. ज्या जागेचा इतिहास विकायला काढला जातो तिथल्या इतिहासातील माणसांना पाटीवर जागा मिळत नाही.

७.

यातून निघणारी कामे स्पष्ट आहेत आणि ती अंगावर घेण्याजोगी आहेत. प्रत्येक सदनिकेच्या दस्तावर पत्नीचे नाव सहमालक म्हणून लागावे, यासाठी आताच, करार होतानाच, आग्रह धरला पाहिजे. देखभालीसाठी कायमचा निधी असावा आणि त्याचा ताळेबंद दरवर्षी मराठीत, फलकावर लागावा. सोसायटीच्या समित्यांत आपल्या बायकांनी आणि शिकलेल्या मुलांनी शिरावे, कारण उद्याचे वस्तीचे राजकारण मैदानावर कमी आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत अधिक होणार आहे. घरविक्री व भाड्यात जात-धर्माच्या कारणाने नकार देणाऱ्याला शासन करणारा कायदा ही मागणी आपल्या प्रत्येक जाहीरनाम्यात आली पाहिजे. आणि विद्यार्थ्यांनी एक काम करावे : वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या वृद्ध रहिवाशांना भेटून त्यांच्या तोंडून चाळींचा इतिहास लिहून घ्यावा, जुन्या भाडेपावत्यांच्या नकला कराव्यात. इमारती पडत आहेत, माणसेही जात आहेत. संग्रहालय कोणी उभारील तेव्हा उभारील, साधने आपल्याच हाती असली पाहिजेत.

मालकीहक्क हा मुक्तीचा पर्याय नव्हे. पण ज्याला कोणीही केव्हाही उठवू शकतो त्याच्या मुक्तीच्या घोषणाही उसन्या जागेवरून दिलेल्या असतात. गावकुसाबाहेरून चाळीत आणि चाळीतून मालकीच्या घरात येण्यास आपल्याला शंभर वर्षे लागली. ते घर राखणे, आणि त्याचे दार पुढच्या माणसाची जात विचारल्याशिवाय उघडणे, ही दोन्ही कामे आता एकाच वेळी करावयाची आहेत.